फिलिंगखालची रेघ

मोठ्या बाईंच्या उजव्या अंगठ्यातली जाण गेली ती हळूहळू गेली, पण ड्रिल त्यांनी एका दिवसात खाली ठेवलं. एका दाढेवर काम करता करता त्यांना कळेनासं झालं, की टोक दाढेला टेकलंय की अजून हवेतच आहे. तेवढी दाढ त्यांनी डोळ्यांच्या भरवशावर पुरी केली, हात धुतले आणि पलीकडच्या खोलीत जाऊन सुनेला म्हणाल्या, "उद्यापासून दोन्ही खुर्च्या तुझ्या." सूनही दातांचीच डॉक्टर. लग्न होऊन आल्यापासून दोन वर्षं सासूच्या शेजारच्या खोलीत काम करत होती. ती "बरं, आई" एवढंच म्हणाली. दवाखान्यात सासू मोठ्या बाई आणि सून धाकट्या बाई. ही नावं कुणी ठेवली नव्हती, पेशंटांच्या तोंडात आपोआप बसली होती.

त्याला आता आठ महिने होत आले. घरी बसून भिंती न्याहाळण्यापेक्षा बरं, म्हणून मोठ्या बाई रोज दहा ते एक दवाखान्यात यायच्या. बाहेरच्या टेबलाशी बसून वेळा द्यायच्या, केसपेपर काढून ठेवायच्या. टेबलावरून आतल्या खोलीचं दार दिसायचं, आणि दार उघडं असलं की खुर्चीसमोरचा पडदाही. सगळा कारभार हाती आल्यावर धाकट्या बाईंनी नवं एक्स-रे मशीन घेतलं होतं. बटण दाबलं की दोन सेकंदांत दाढ पडद्यावर, तळहाताएवढी मोठी. मोठ्या बाईंच्या वेळी दुखल्याखुपल्याशिवाय कुणी एक्स-रे काढत नसे. आता दुखो न दुखो, येणाऱ्या प्रत्येकाचा निघायचा.

आणि प्रत्येकाच्या नाही, पण बऱ्याच जणांच्या दाढेत, पांढऱ्या फिलिंगच्या बरोबर खाली, एक काळी रेघ उमटायची.

मोठ्या बाईंना ती टेबलावरूनही दिसे. एक्स-रेमध्ये दात पांढरा आणि कीड काळी, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. फिलिंगच्या खाली काळं म्हणजे कीड पुरती न काढता वरून भरून टाकलेलं; केर न काढता वर सतरंजी अंथरावी तसं. आणि ही फिलिंगं त्यांच्याच हातची होती.

सून त्याबद्दल अवाक्षर काढत नसे. पेशंटला ती खालच्या आवाजात सांगायची, "फिलिंग जुनं झालंय, बदलून घेऊ या." कीड हा शब्द नाही. आधी कुणी भरलं होतं, याचा उल्लेख नाही. तो खालचा आवाज मोठ्या बाईंना पक्का ओळखता यायचा. घरातल्या माणसाचं काही झाकायचं असलं की आपण तसंच बोलतो. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मन चिंती ते वैरी न चिंती. अंगठा आठ महिन्यांपूर्वीच बधिर झाला, हे तरी खरं कशावरून? कदाचित पाच वर्षांपूर्वीपासूनच झोपायला लागला असेल, दहा वर्षांपूर्वीपासून असेल. आपल्याला कळलं तेव्हा आपण ड्रिल ठेवलं. कळलं नव्हतं तेव्हाचं काय? चौतीस वर्षं माणसं त्यांच्यासमोर डोळे मिटून आ करत आली होती. संध्याकाळी देवापुढे बसल्यावर मोठ्या बाई आधी आभार मानायच्या आणि मग काय ते मागायच्या. हल्ली दोन्हीच्या आधी ती रेघ डोळ्यांपुढे यायची. त्यांना एवढंच हवं होतं, की कुणीतरी एकदा स्पष्ट सांगावं: मी लोकांच्या तोंडात कीड ठेवून दिली का?

पण विचारायचं कुणाला? सुनेला विचारलं तर तिला एकतर खोटं बोलावं लागणार, नाहीतर खरं. दोन्ही तिच्यावर लादायची त्यांची तयारी नव्हती. आत जाऊन पडदा जवळून बघणंही त्यांनी टाळलं. आता ती खोली तिची. अशा त्या दोघी एकमेकींना जपत होत्या. शेजारणी म्हणायच्या, सासू-सुनांनी शिकावं यांच्याकडून.

मग एके दिवशी कंपनीचा माणूस एक नवं यंत्र पंधरा दिवस वापरून बघायला ठेवून गेला. टूथब्रशएवढी दांडी, टोकाला दोन मऊ रबरी पाय. ते दाढेच्या दोन्ही बाजूंना टेकवायचे, त्यांतून डोळ्याला न दिसणारा उजेड दाढेत सोडायचा आणि वरून फोटो घ्यायचा. चांगल्या दातातून उजेड आरपार जातो. कीड असेल तिथे अडतो आणि काळा डाग पडतो. फिलिंगच्या कडेला लपलेली कीडसुद्धा त्यात दिसते, असं तो माणूस म्हणाला होता. कोरणं नाही, टोचणं नाही. पण पेशंटवर वापरण्याआधी धाकट्या बाईंना हात बसवायचा होता, आणि त्यासाठी एक तोंड हवं होतं.

"मावशी," त्यांनी हाक मारली, "तुमच्या दोन दाढा भरलेल्या आहेत ना?"

मावशी म्हणजे दवाखान्याची मदतनीस. सव्वीस वर्षं खुर्चीच्या डाव्या बाजूला उभी राहून हत्यारं देत आलेली बाई.

"आहेत," मावशी म्हणाल्या. "पण त्या माझ्या आहेत."

"नुसतं बघायचंय. अजिबात दुखणार नाही."

"हे वाक्य मी लोकांना सव्वीस वर्षं ऐकवतेय, धाकट्या बाई. मला नका ऐकवू." असं म्हणत म्हणतच मावशींनी चष्मा काढून खिडकीत ठेवला आणि खुर्चीवर चढून बसल्या. "रोज लोकांना बसवते, आज कळलं किती गार लागते ही खुर्ची. आणि दिवा कोण धरणार?"

धाकट्या बाई दारात आल्या. "आई, जरा आत येता? मावशी खुर्चीत आहेत, मदतीला कुणी नाही."

आठ महिन्यांनी मोठ्या बाई त्या खोलीत आल्या आणि मावशींच्या जागी, डाव्या बाजूला उभ्या राहिल्या.

मावशींचा एक्स-रे मागच्याच महिन्यात काढलेला होता. खालची डावी दाढ, फिलिंगखाली ठसठशीत काळी रेघ. ती सोमवारी उघडायची ठरली होती. उजव्या दाढेत काही नाही, सगळं पांढरं स्वच्छ. धाकट्या बाईंनी आधी डावी घेतली, डाग कसा दिसतो ते नीट बघावं म्हणून. पाय टेकवले, बटण दाबलं.

पडद्यावर दाढ उजळून निघाली. दुधी काचेच्या आत दिवा लावावा तशी, कडेपासून कडेपर्यंत. फिलिंगची सीमा तेवढी पुसटशी. काळं कुठेच नाही.

"लाळ आली असेल मध्ये," धाकट्या बाई म्हणाल्या. त्यांनी हवा मारून दाढ कोरडी केली, पुन्हा फोटो घेतला. पुन्हा तेच. मग त्यांनी उजवी बघितली. उजव्या दाढेत, गालाच्या बाजूला, फिलिंगच्या कोपऱ्याशी बोराच्या बीएवढा काळा डाग.

"उलटं आलंय. डावं-उजवं चुकले बहुतेक मी."

"आं," मावशी उघड्या तोंडानं म्हणाल्या आणि बोटानं डावीकडे डावं, उजवीकडे उजवं असं दाखवून दिलं.

तीनदा फोटो झाले. तिन्ही वेळा डावी लख्ख आणि उजवी डागाळलेली. धाकट्या बाईंनी दांडी खाली ठेवली. "बिघडलंय हे. डावीत कीड आहे, आई, एक्स-रेमध्ये इतकी स्पष्ट..."

बोलता बोलता त्या थांबल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा तो शब्द त्यांच्या तोंडून सासूसमोर निघाला होता. कापसाची पेटी सरळ होती, ती त्यांनी आणखी सरळ केली.

"बोल ना," मोठ्या बाई म्हणाल्या. "कधीतरी बोलायलाच हवं. मी टेबलावरून बघतेच आहे."

"तुम्हाला दिसत होतं?"

"अंगठा बधिर झालाय, डोळे नाही."

मावशींनी गालातला कापूस काढून हातात घेतला. "मी बाहेर थांबू का? दाढ माझी आहे, पण थांबते."

"बसा हो मावशी. ही डावी मी कधी भरली, आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? माझ्या थोरलीचं लग्न झालं त्या वर्षी. बारा वर्षं झाली. आणि उजवी अलीकडची. तुमचा तो जुना डिंक यायचा बंद झाला ना, त्याच्यानंतरची. चार वर्षं."

डिंक म्हणजे फिलिंग दाताला धरून राहावं म्हणून खाली लावतात ते पातळ औषध. मावशी त्याला डिंकच म्हणायच्या.

"त्या डिंकावरून केवढ्या चिडला होतात तुम्ही," मावशी पुढे म्हणाल्या. "नवा आला त्याचा थर जाड बसेना. जुन्या बाटलीतले मी तुम्हाला तीन थेंब काढून द्यायचे. बाटलीवर लिहिलेलं असायचं एक. तुम्ही म्हणायचात, कागदाला काय कळतंय, गार पाणी कागदाला झोंबणार नाही, माणसाला झोंबेल. घाला तीन."

मोठ्या बाईंचा हात मावशींच्या खांद्यावर होता, तो तिथेच राहिला.

"त्या जुन्या औषधात पांढरी पूड नव्हती," त्या सावकाश म्हणाल्या. "एक्स-रेत उठून दिसावं म्हणून आता घालतात ती. त्यातून एक्स-रे आरपार जायचा."

"म्हणजे काळं दिसणार," धाकट्या बाई म्हणाल्या. "एका थेंबाचा थर इतका पातळ असतो की दिसलाही नसता. पण तीन थेंब..."

"दाढेच्या तळाशी साचत असणार. रेघ होऊन."

हे दोघींनाही माहीत होतं. पुस्तकात होतं, परीक्षेत येऊन गेलं होतं. फक्त एकीला तीन थेंबांचं ठाऊक नव्हतं, आणि दुसरीनं पडदा जवळून बघितला नव्हता.

मोठ्या बाईंच्या छातीवरून काहीतरी उतरलं. आठ महिने उराशी धरलेला धोंडा असा एका वाक्यासरशी खाली येतो, हे त्यांना खरं वाटेना. कीड नव्हती. मी ठेवली नव्हती. तो आनंद इतका धारदार होता, की क्षणभर त्यांना त्याच्याखेरीज काही दिसलंच नाही. मग सुनेचा चेहरा दिसला.

ती गोल स्टुलावर बसली होती, हातमोजे घातलेले हात मांडीवर उताणे ठेवून.

"एकोणीस दाढा," ती म्हणाली. "मी एकोणीस जणांच्या उघडल्या."

तिनं हातमोजे ओढून काढले.

"उघडल्यावर खाली कडक लागायचं, आई. पहिल्या दोन-तीन वेळा मनात आलंसुद्धा, हा तर चांगला दात आहे. मग वाटायचं, फिलिंग काढताना कीडही निघाली असेल, म्हणून कडक लागतंय. मग थोडं आणखी कोरायचे, खात्री म्हणून. गेलेला दात काही परत येत नाही."

"मला विचारायचंस."

"काय विचारणार होते? आई, तुम्ही कीड ठेवून भरत होतात का, असं?"

"खाली काय घालत होतात, एवढं विचारलं असतंस तरी..." मोठ्या बाईंनी वाक्य अर्ध्यावर सोडलं. "आणि मी तरी कुठे विचारलं? मलाही तोंड होतंच की."

मावशी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "तुमचं चालू द्या. पण माझी उजवी काळी दिसतेय, तिचं कुणी काही बोलणार आहे का?"

ते मात्र खरं होतं. यंत्र डाव्या दाढेबद्दल खरं बोलत असेल, तर उजवीबद्दलही खरंच बोलत असणार. धाकट्या बाई उठल्या. मावशींना बधिर होण्याचं इंजेक्शन दिलं, दहा मिनिटं थांबल्या. मोठ्या बाईंनी लाळ ओढायची नळी डाव्या हातात धरली. फिलिंगचा कोपरा निघाला आणि खाली ओल्या लाकडासारखा मऊ, तपकिरी भाग लागला. गालाच्या बाजूला, फिलिंगच्याच आडोशाला. एक्स-रेमध्ये फिलिंगच्या पांढऱ्या सावलीमागे तो लपून राहिला होता. नस अजून दूर होती. वेळेवर सापडलं होतं.

मोठ्या बाई वाकून बघत राहिल्या. नवी कीड कडेच्या फटीतून आत शिरते; ही तळाच्या कोपऱ्यात होती. तिथे हत्यार पोचलंच नव्हतं. चार वर्षांपूर्वीचं काम.

"ही मात्र माझी," त्या म्हणाल्या.

धाकट्या बाईंनी मान वर केली. नेहमीच्या सवयीनं काहीतरी मऊ बोलायला ओठ हलले असतील. पण त्या म्हणाल्या, "हो आई. ही राहिलेली आहे." आणि पुन्हा कामाला लागल्या.

ते ऐकून मोठ्या बाईंना दुखलं, आणि बरंही वाटलं. अंगठ्याबद्दलची भीती अगदीच पोकळ नव्हती तर. पण आता ती चौतीस वर्षांवर पसरलेली नव्हती. तिला कुठूनतरी सुरुवात होती. जुन्या डिंकानंतरच्या दाढा बोलावून या उजेडात बघता येणार होत्या.

मावशींची दाढ भरून झाल्यावर सुनेनं हात धुतले, बराच वेळ. नळ बंद न करताच ती म्हणाली, "सगळ्यांना सांगायला हवं मला. एकोणीसच्या एकोणीस जणांना."

"तू भरलेल्या दाढा काही वाईट नाहीत," मोठ्या बाई म्हणाल्या. "कुणाची तक्रारही नाही फारशी. उगाच कशाला त्यांच्या मनात..."

बोलताना त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. खालचा, मऊ.

"आई, आता तुम्ही माझं झाकू नका," सून म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मी आठ महिने तुमचं झाकत होते. जे नव्हतंच ते झाकत होते. त्यात कुणाच्या दाढा गेल्या बघा."

मोठ्या बाईंनी नळ बंद केला.

"बाहेर भूगोलाचे सर येऊन बसलेत," मावशी जड झालेल्या ओठानं म्हणाल्या. "अकराची वेळ होती. साडेअकरा झाले."

भूगोलाचे सर म्हणजे निवृत्त शिक्षक, वीस वर्षांपासूनचे पेशंट. तीन महिन्यांपूर्वी सुनेनं त्यांची वरची दाढ उघडून नव्यानं भरली होती. आज खालची उघडायची होती. तिच्यातही रेघ होती.

दोघी बाहेर आल्या. सरांनी पेपराची घडी घातली. "मला वाटलं आत संप झाला की काय."

धाकट्या बाई त्यांना आत या म्हणाल्या नाहीत. त्या त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या. "सर, तीन महिन्यांपूर्वी मी तुमची वरची दाढ उघडली. ती उघडायची गरज नव्हती. एक्स-रे वाचण्यात माझी चूक झाली. मला ते आज कळलं."

सरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग टेबलाशी उभ्या असलेल्या मोठ्या बाईंकडे.

"म्हणजे आधीचं फिलिंग ठीक होतं?"

"ठीक होतं."

"तेव्हापासून गार पाणी झोंबतंय मला त्या दाढेला. मी यांना सांगितलंही होतं. या म्हणाल्या, बसेल हळूहळू."

"म्हणाले होते," मोठ्या बाई म्हणाल्या. "तेव्हा मला वाटत होतं की मुळात चूक माझी आहे. म्हणून मी पुढे काही विचारलंच नाही तुम्हाला. ते माझं चुकलं."

सरांनी पेपर पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. "मी अडतीस वर्षं लाल पेन चालवलं," ते म्हणाले. "चूक आपणहून आणून दाखवणारा एक पोरगा भेटला नाही. पण म्हणून मी खूश झालोय असं समजू नका. मला राग आलाय."

"येणारच, सर."

"दात माझा होता."

"हो."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. सर जिभेनं ती वरची दाढ चाचपत होते, हे त्यांच्या गालावरून कळत होतं.

"आणि आजच्या दाढेचं काय?" त्यांनी विचारलं.

"आज मी ड्रिल हातात घेणार नाही. आधी नुसत्या उजेडात बघते, दोन मिनिटं. काळं नसलं तर तुम्ही घरी जायचं. वरच्या दाढेला झोंबतंय त्यावर औषध लावून देते, आणि नाही थांबलं तर परत बघायचं माझ्याकडे लागलं."

"आणि काळं असलं तर?"

"तर कीड आहे असं सांगेन. फिलिंग जुनं झालंय असं नाही."

सर उठले. घरी निघतात की काय, असं मोठ्या बाईंना वाटलं, कारण ते दाराच्याच बाजूला वळले होते. पण त्यांनी पेपर खिडकीत ठेवला आणि माघारी आले.

"बघणार कोण? या की तुम्ही?" त्यांनी मोठ्या बाईंना विचारलं.

"त्या बघतील," मोठ्या बाई म्हणाल्या. "दाढ मी भरलेली आहे. खाली काय घातलंय ते मी सांगते."

त्यांनी सरांचा केसपेपर काढला, चष्मा पुसला आणि दाढ भरल्याचं वर्ष बघत बघत त्यांच्या मागोमाग आत गेल्या.